देव्हाऱ्यातला आगवाला

मित्रांनो, देव्हाऱ्यातल्या वस्तूला हात लावायचा तर आधी घरातल्या मोठ्या माणसाला विचारावं, ही रीत सुदर्शनला कोणी शिकवली नाही असं नाही. त्याच्या आईनं शिकवली होती, पाठीत चांगले धपाटे घालून शिकवली होती. तरी हा पन्नाशीला टेकलेला मास्तर, शाळेत पोरांना शिस्त लावणारा, आई शेजारच्या बारशाला गेलेली पाहून देवघरात शिरला. चप्पल तेवढी बाहेर काढली. मला उचललं, रुमालात गुंडाळलं आणि पँटच्या खिशात टाकलं. खिशात स्कूटरची किल्ली होती आणि अर्धी संपलेली सुपारीची पुडी होती. माझी अंघोळ झाल्याशिवाय या घरात चहाचं आधण चढत नाही, आणि मला त्या पुडीशेजारी झोपवलं.

मी एक जुनं चांदीचं पदक आहे. माझ्या अंगावर कुंकवाचे थर पाहून तुम्ही मला देव समजाल. मी देव नाही. मी एका आगवाल्याचं पदक आहे. आता आगवाला म्हणजे कोण, हे तुम्हाला ठाऊक नसणार. पूर्वी बोटी कोळशावर चालत. बोटीच्या अगदी तळाशी, पाण्याच्याही खाली, मोठाल्या भट्ट्या असत आणि त्यांत रात्रंदिवस कोळसा लोटावा लागे. तो लोटणारा खलाशी म्हणजे आगवाला. दर्यावर आयुष्य काढून दर्या न पाहणारा.

माझा धनी व्यंकट रामजी मुसळे. किल्लारीच्या बाजूचा, निजामाच्या राज्यात जन्मलेला. त्या मुलखात पाणी पाहायचं तर विहिरीत वाकून पाहावं लागे. मिसरूड फुटलं तसा तो लातूरला एका जिनिंगमध्ये बॉयलरला कोळसा घालायला लागला. तिथल्या मुकादमानं एकदा त्याच्या आईवरून शिवी दिली. व्यंकटनं त्याला कोळशाच्या ढिगावर बसवलं, आणि मग लातुरात राहण्यात अर्थ उरला नाही. छोट्या गाडीनं कुर्डुवाडी आणि तिथून मुंबई. बंदरावर खलाशी भरणारा सारंग होता. त्यानं याचे तळवे उलटे-पालटे करून पाहिले.

"आग सोसती का?"

"लातूरचा उन्हाळा सोसलाय," व्यंकट म्हणाला.

तेवढ्यावर भरती झाली. पहिल्यांदा दर्या पाहिला तेव्हा काय वाटलं, असं पुढं कुणी विचारलं की तो सांगे, "येवढं पानी, आन् एक घोट पिता येत न्हाई. कुनी केलं आसंल हे?"

बोट विलायतेच्या एका बंदराला लागत असे. व्यंकट तिथंच राहू लागला. बंगालातल्या सिल्हेटकडचे, गोव्याकडचे, कोकणातले खलाशी एका घरात दाटीनं राहत. थंडी अशी की भट्टीची आठवण यावी. परमुलखातला माणूस म्हणून त्याला पोलीस चौकीत जाऊन आपण कोण, कुठले, हे सांगावं लागे. पुन्हा पुन्हा सांगावं लागे. ज्यांच्या बोटी त्याच्या कोळशावर चालत, त्यांनाच तो कोण हे कळत नसे.

मग लढाई पेटली. दर्यात शत्रूच्या पाणबुडीनं व्यंकटच्या बोटीला पाणतीर मारला. तळाशी वाफेचा नळ फुटला. जो तो शिडीनं वर पळाला. व्यंकटही वर आला होता, हे मी लपवणार नाही, कारण त्यानंही कधी लपवलं नाही. वर आल्यावर त्याला खालून हाका ऐकू आल्या. त्यानं पोतं पाण्यात भिजवलं, डोक्यावर घेतलं आणि परत खाली उतरला. वाफेची चावी हातानं फिरवून बंद केली. आधी एका सिल्हेटी खलाशाला वर ढकललं, मग गोऱ्या इंजिनसाहेबाला. त्याचा उजवा हात खांद्यापासून मनगटापर्यंत भाजून निघाला. तो हात नंतर कायम गुळगुळीत आणि वेगळ्या रंगाचा राहिला, दुसऱ्याच माणसाचा जोडल्यासारखा.

त्या हातासाठी मी जन्मले. टांकसाळीत मला ठोकून गोल केलं. एका बाजूला त्यांच्या बादशहाचं तोंड उमटवलं. शेवटी एका म्हाताऱ्या कारागिरानं माझ्या काठावर बारीक अक्षरं कोरली: व्यंकटचं नाव, त्याचं काम आणि बोटीचं नाव. अक्षरं उथळ होती, केसाएवढी. पण मित्रांनो, मला विचाराल तर माझा जीव त्या काठात होता. बादशहा सगळ्याच पदकांवर होता. व्यंकट एकट्या माझ्यावर होता.

देश स्वतंत्र झाला, मागाहून निजामही गेला, तेव्हा व्यंकट गावी परतला. तंबाखूच्या डबीत मी होते. लोकांना वाटलं, विलायतेहून आला म्हणजे पेटी भरून आणलं असेल. डबी पाहून त्यांचा विरस झाला. "बोटीवरला व्यंकट" हे नाव पडलं, आणि ते मानानं घेतलेलं नव्हतं. पारावर कुणीतरी हटकून विचारी, "व्यंकटा, तुझी बोट तेरणेत चालंल का?"

"तेरणेत पानी आसलं तर चालंल की," तो म्हणे आणि पुढं जाई.

एकदा झेंड्याच्या दिवशी तो मला छातीवर लावून शाळेत गेला. तेव्हा माझी निळी-पांढरी फीत शाबूत होती. तिथले हेडमास्तर खादीचे. त्यांनी माझ्यावरचं तोंड पाहिलं आणि म्हणाले, "हे तर इंग्रजाचं. आज हे लावून पुढं कसं बसता?" व्यंकट मागं जाऊन बसला. रझाकारांशी लढलेली माणसं पुढं बसली होती, त्यांचा मान मोठाच होता. पण आगीत शिरताना व्यंकटनं खाली अडकलेला माणूस कोणत्या राज्यातला हे विचारलं नव्हतं, एवढं मला तिथं उठून सांगायचं होतं. मला तोंड आहे, पण ते बादशहाचं. त्यानंतर मी डबीतच राहिले.

डबी उघडली ती व्यंकटची सून चतुराबाई हिनं. दुसरी इयत्ता अर्धी टाकून आलेली, गव्हासारख्या रंगाची, आणि जिभेला अशी धार की गावातला कोतवाल तिच्या दारावरून जाताना पावलं उचलून टाकी. भुईमुगाच्या शेंगा फोडता फोडता तिनं सासऱ्याला सरळ विचारलं, "मामंजी, हात कशानं भाजला?" इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. व्यंकटनं सगळं सांगितलं.

"मग सायबाला मागून का काढलं?" तिनं विचारलं.

"सायेब लई जड व्हता," व्यंकट म्हणाला. "आन् तो वर जाऊन मलाच पानी मागितला आस्ता."

चतुराबाई इतकी हसली की सूप कलंडलं.

व्यंकट गेला त्या वर्षी पाऊस नव्हता. आमच्याकडं घरातलं मोठं माणूस गेलं की त्याच्या नावानं चांदीचा टाक करून देव्हाऱ्यात बसवतात. टाक म्हणजे चांदीचा पातळ पत्रा, वर माणसाचं नाहीतर देवाचं तोंड उमटवलेलं. पण चांदी आणायची कुठून? चतुराबाईनं डबी उघडली आणि नवऱ्यापुढं धरली. "ह्याच्यावर तोंड हायच की."

"आगं, ते बादशहाचं हाय," माणिक म्हणाला. माणिक म्हणजे व्यंकटचा मुलगा, तिचा नवरा.

"नाक मामंजीसारखं हाय. आपल्याला नाकाशी काम."

टाक देव्हाऱ्यात सपाट टेकला पाहिजे, म्हणून माणिकनं माझी कडी कानशीनं घासून काढली. फीत गेली. खंडोबा आणि भवानी यांच्या मधे मला जागा मिळाली, आणि त्या दिवसापासून इंग्रजांच्या बादशहाला मराठवाड्यातल्या एका शेतकऱ्याच्या घरी रोज हळदकुंकू लागू लागलं. चतुराबाई मला चिंच आणि राख लावून घासत असे. घासून घासून बादशहाचं नाक गेलं, मग कान गेला, मग तो कुणाचाही आजोबा झाला. मला त्याचं काही वाईट वाटलं नाही. ती घासताना मला दोन बोटांच्या चिमटीत काठावर धरी, त्यामुळं काठ वाचत होता. पोटावरून अंगठा फिरवताना ती पुटपुटे, "मामंजी, डोळे मिटा, चिंच जाईल." असं प्रेम माझ्या वाट्याला आलं. टांकसाळीत मला कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

मग भूकंप झाला. त्याबद्दल मी फार बोलणार नाही. आमच्या बाजूच्या कोणत्याही घरात फार बोलत नाहीत. दगडमातीचं घर खाली बसलं. देव्हारा भिंतीसकट माणिकच्या उशाशी कोसळला. त्यांचा मुलगा सुदर्शन तेव्हा अहमदपूरला शिकायला होता, चतुराबाई अंगणात होती. मी माणिकच्या अगदी जवळ होते. त्याचा श्वास मला ऐकू येत होता, आणि मग येईनासा झाला. मित्रांनो, जळत्या बोटीतून माणसं काढणाऱ्याचं पदक मी, आणि त्याच्या स्वतःच्या मुलावरची माती दूर करायला माझ्याजवळ हात नव्हता. पदकं कशी असतात हे मला त्या दिवशी कळलं. आधी कुणीतरी काहीतरी केलेलं असतं, आम्ही मागून येतो. आम्हाला स्वतःला काही करता येत नाही.

ढिगारा उपसणाऱ्या एका जवानाला मी सापडले. त्यानं मला पँटला पुसलं, काठ डोळ्याजवळ नेला आणि अक्षरं वाचली. "माँजी, ये व्यंकट कौन?" त्यानं विचारलं. चतुराबाई तेव्हा कुणाशी बोलत नव्हती. तरी ती म्हणाली, "माझा सासरा." त्यानं टाचा जुळवून मला सलाम केला आणि तिच्या हातावर ठेवलं. माझा काठ वाचणारा तो शेवटचा माणूस. व्यंकटचे कागद मात्र मातीत आणि मागून आलेल्या पावसात गेले.

पुढं सुदर्शनला अहमदपूरच्या एका शाळेत नोकरी लागली, शिल्पा सून म्हणून आली, घर झालं. देव्हारा आता प्लायवुडचा आहे आणि त्यात लाल दिवा लुकलुकतो. चतुराबाई अजून मला स्वतः घासते. शिल्पानं एकदा दुकानातली पूड आणली, तर म्हणाली, "ती तुझ्या भांड्याला वापर. ह्यो मानूस हाय."

आता तुम्हाला मूळ गोष्ट सांगते. मागच्या महिन्यात सुदर्शननं बातमी आणली. लातूरची एक समिती इथल्या चौकात दगड उभा करणार होती. लढाईत पराक्रम केलेल्या या भागातल्या माणसांची नावं त्यावर कोरायची होती. समितीचे दत्तोपंत म्हणून एक निवृत्त प्राध्यापक होते. त्यांनी फोनवर सांगितलं, की अशा पदकाच्या काठावर नाव कोरलेलं असतं, ते एकदा डोळ्यांनी पाहू आणि नाव पुढं पाठवू.

चतुराबाई त्या दिवशी दोनदा जेवली. "चौकात कोरनार?" तिनं विचारलं. "म्हंजी बाजाराला जानारा यानारा वाचल?"

"वाचंल की माय."

"तेरणेत बोट चालंल का म्हननाऱ्याचा नातू बाजार समितीत हमालांचा मुकादम हाय. रोज त्याच चौकातनं जातो." तिनं पदरानं तोंड पुसलं. "वाचू दे मेल्याला."

मित्रांनो, आयुष्यभर तिनं सासऱ्याची गोष्ट सांगितली आणि आयुष्यभर ऐकणाऱ्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू पाहिलं. ते हसू दगडाखाली गाडायचं, एवढीच तिची इच्छा होती.

आणि सुदर्शननं मला खिशात टाकलं. त्याच्या मनात वाईट नव्हतं, हे मला सांगितलंच पाहिजे. काठावर कुंकू आणि काळपट थर बसला होता. सरांना अक्षरं नीट दिसावीत म्हणून तो मला सराफाकडं घेऊन गेला. "चकाचक करून द्या," म्हणाला. "अक्षरं उठून दिसली पाहिजेत." आणि तिथंच स्टुलावर बसून मोबाइल बघू लागला. सराफाच्या माणसानं मोटर सुरू केली. कापडाचं चाक गरगरू लागलं. आधी पोट, मग पाठ, आणि मग त्यानं मला उभं धरून माझा काठ चाकाला लावला. गरम होत गेलं. बोटीचं नाव गेलं. काम गेलं. व्यंकटचं नाव माझ्या अंगावरून अक्षर अक्षर करून निघून जात होतं, आणि तीन हातांवर बसलेल्या त्याच्या नातवाला मला हाक मारता येत नव्हती. त्यानं एकदा मान वर केली असती तरी पुरलं असतं.

घरी आल्यावर चतुराबाईनं मला पाहिलं. मी आरशासारखं चमकत होते. तिला ती इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती, पण चिमटीत धरल्यावर बोटांना लागणारा तो बारीक खरखरीतपणा तिला रोजचा माहीत होता. तिनं मला धरलं, फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"कुठं नेलतास?" तिनं विचारलं.

"पॉलिश करून आणलं. किती छान दिसतंय बघ की."

तिनं मला जागेवर ठेवलं आणि त्या दिवशी कुंकू लावायचं विसरली.

दत्तोपंत दुसऱ्या दिवशी आले. सज्जन माणूस. चप्पल दाराबाहेर नीट जोडून ठेवली, आधी देवघरापुढं हात जोडले, मग मला मागून घेतलं. भिंग काढलं. खिडकीशी नेलं. उजेडात फिरवलं.

"पदक अस्सल आहे," ते म्हणाले. "पण कुणाचं हे सांगणारं काही उरलेलं नाही. बोटीचं नाव आठवतं का कुणाला? तेवढं मिळालं तरी विलायतेतल्या दप्तरात शोधता येईल."

"ते तिला बोटच म्हनायचे," चतुराबाई म्हणाली. "आपन बैलाला बैलच म्हनतो."

"कागद?"

"किल्लारीला विचारा."

दत्तोपंतांनी मान खाली घातली. "आजी, तुमचा शब्द मला पटतो. पण समितीत बाकीची माणसं आहेत. पुरावा नसलेलं नाव एक घेतलं, की उद्या दहा जण बाजारातून पदक घेऊन येतील."

"आमी बाजारातनं आनलं का?"

"तसं मी म्हणत नाही."

"म्हनत न्हाईत, पर भिंग पिशवीत घालून राहिलात."

शिल्पा चहा घेऊन आली आणि पडद्याशीच थबकली.  सुदर्शनचा चेहरा उतरला होता. पॉलिशचं त्यानं सरांना सांगितलं नाही. त्यानं कपबशी उचलली, ओशाळं हसला आणि म्हणाला, "जाऊ द्या सर. जुनी माणसं, तुम्हाला माहीतच आहे. आजोबा बरंच काही सांगायचे. आता त्यातलं खरं किती, कोण जाणे."

मी दत्तोपंतांच्या तळहातावर होते. मित्रांनो, चाकानं मला एवढं भाजलं नव्हतं. परक्या मुलखात व्यंकटला आपण कोण ते पुन्हा पुन्हा सांगावं लागत होतं. पारावरचे लोक हसले, शाळेनं मागं बसवलं, मातीनं कागद नेले. तेवढ्यानं तो पुसला गेला नव्हता. मला ओरडून सांगायचं होतं, की मी तिथं जन्मले, मला माहीत आहे, बोटीचं नाव अमुक, माणसाचं नाव अमुक. पण माझ्यावर आता एकही अक्षर नव्हतं. नुसती चमक होती, आणि त्या चमकेत सुदर्शनचं हसणारं तोंड दिसत होतं.

दत्तोपंतांनी मला चतुराबाईच्या हातात दिलं, तिच्या पाया पडले आणि गेले. दगडावर व्यंकटचं नाव येणार नाही. हे असंच राहणार आहे, मी तुम्हाला खोटा धीर देत नाही. मला एवढंच मागायचं आहे. तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू असेल तर तिला चमकवायच्या आधी जरा बोट फिरवून बघा. तिच्यावर काही लिहिलेलं असेल तर वाचा, वाचून घरातल्या सगळ्यांना ऐकवा. आम्हाला बोलता येत नाही. आमच्यासाठी बोलायचं काम तुमचंच आहे.

पाहुण्यासमोर चतुराबाई सुदर्शनला एक शब्द बोलली नव्हती. घरातलं भांडण परक्याला दाखवायचं नाही, हा तिचा नेम. दत्तोपंतांची गाडी वळणापार गेली तेव्हा तिनं मला देव्हाऱ्यात ठेवलं, कुंकवाचं बोट लावलं आणि बाहेर येऊन सुदर्शनपुढं उभी राहिली. त्यानं खुर्ची पुढं ओढली, तर तिनं पायानं मागं सारली.

"माय, मी मुद्दाम केलं का?" सुदर्शन म्हणाला. "अक्षरं दिसावी म्हणूनच गेलो होतो ना."

"मशिनीचं मी तुला बोलत न्हाई," चतुराबाई म्हणाली. "अक्षरं दिसावी म्हून गेलास, ती गेली. मानसाकडून व्हतं. मला बी आधी कुनाकडून तरी कागदावर उतरून घ्यायची बुद्धी झाली न्हाई. पर त्या सरापुढं तू काय म्हनलास? खरं किती कोन जाने. लेका, तुला ठावं हाय. मी तुला मांडीवर घिऊन सांगितलंय, तो भाजलेला हात मी तेल लावून चोळलाय. त्या मानसानं वाफंत शिरून वळख ना पाळख अशा मानसाला टाकला न्हाई. आन् तू खुर्चीत बसून, हातात कपबशी धरून, घरच्याला टाकलास. उद्यापासनं देवाची आंघोळ तुझ्याकडं. चिंच लावायची न्हाई, राख लावायची न्हाई, नुस्तं पानी. आन् पानी घालताना नाव घ्यायचं. व्यंकट रामजी मुसळे, आगवाला. पुटपुटायचं न्हाई, वर्गात हजेरी घेतूस तसं मोठ्यानं. मी सैपाकघरात बसून आयकीन. मी गेल्यावर बी घ्यायचं, मग आयकनारं कुनी असू दे नायतर नसू दे."